रश्श्याबरोबरचा साधा भात मोकळा कसा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: "कोल्हापुरात राहतो. रविवारी घरी मटण करतो, तांबडा-पांढरा आता बऱ्यापैकी जमतो. भात मात्र फसतो. घरचा इंद्रायणी आहे, दुप्पट पाणी घालतो, कुकरला तीन शिट्ट्या देतो. दोघांपुरता केला तर खपून जातो, पण दहा माणसं जेवायला आली तेव्हा नुसता गिचका झाला. मोकळ्या भातासाठी पाण्याचं नेमकं माप काय?"

माप सांगते, पण शेवटी. आमच्या खानावळीत शिकायला येणारी पोरं पहिल्या दिवशी हेच विचारतात, आणि मी त्यांना आधी तांदळाच्या पोत्यापाशी नेते. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोठा शब्द 'दुप्पट' वाटत असला, तरी खरा घोळ 'इंद्रायणी'त आहे.

इंद्रायणी वाईट तांदूळ आहे असं अजिबात नाही. मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो काढला, १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला आणि पश्चिम महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला. वास, गोडी, मऊपणा सगळं आहे त्यात. पण त्याचा धर्मच शितं एकमेकांना धरून ठेवण्याचा. गरम इंद्रायणी, वर साधं वरण, तूप आणि लिंबू. यापुढे दुसरं काही मागू नये. त्याच तांदळाला तुम्ही रश्श्याखाली बसवलंत आणि वर मोकळं व्हायला सांगितलंत, तर तो ऐकणार नाही. पाणी कमी केलंत की बाहेरून चिकट आणि आत टणक होईल, एवढंच.

आपल्या आजऱ्याच्या घनसाळाचंही तेच. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचं नाव झालं, पाहुण्यांना कौतुकानं तोच वाढावासा वाटतो. जरूर वाढा, पण दूधभात, खीर किंवा वरण-तुपाबरोबर. तांबड्या रश्श्याचा मसाला त्या वासावर असा चढतो की घनसाळ घातला होता की रेशनचा, हे सांगता येत नाही. महागाचा तांदूळ वाया घालवल्याचं मला वाईट वाटतं.

कारण दाण्याच्या आत आहे. तांदळात स्टार्च असतं आणि त्याचे दोन प्रकार, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असलेला दाणा शिजल्यावर सुटा राहतो, आणि थोडा थंड झाला की आणखी घट्ट होतो. अमायलोपेक्टिनचा वाटा वाढत गेला की दाणा मऊ आणि चिकट होत जातो. पूर्वेकडच्या देशांत खातात त्या अगदी चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच. दुकानात गोणीवर हे कुठं लिहिलेलं नसतं, त्यामुळं तांदळाच्या नावावरून आणि वयावरून ओळखायचं.

नावं सांगते. रश्श्याबरोबर रोजच्यासाठी जुना कोलम किंवा एचएमटी. दोन्ही बारीक, दोन्ही सुटे होतात, आणि खिशालाही झेपतात. एचएमटी हा कुठल्या कंपनीचा तांदूळ नव्हे; चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतात निवड करत करत काढलेला वाण आहे, आणि तेव्हा एचएमटीची घड्याळं जोरात होती म्हणून नाव ते पडलं. सोना मसुरी पण चालतो, जरा मऊ असतो. बासमतीचं विचाराल तर मोकळा होतो यात वादच नाही, बिर्याणीला त्याला तोड नाही; पण साध्या भाताला मी तो घेत नाही. लांब गुळगुळीत दाण्यावर पातळ रस्सा थांबत नाही, ताटाच्या कडेला पळतो. पुन्हा त्याचा वास पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधाशी भांडतो. हे माझं मत. हॉटेलवाले वेगळं सांगतील.

आता वय. भात कापला जातो दसरा-दिवाळीच्या पुढं-मागं, आणि नवा तांदूळ थंडीत बाजारात येतो. नवा तांदूळ कुठल्याही जातीचा असो, पहिले काही महिने तो चिकटच. ठेवत गेलं की दाण्यातली प्रथिनं घट्ट होतात, शिजताना स्टार्च पाण्यात कमी सुटतं, दाणा पाणी जास्त पितो आणि फुगतो जास्त. म्हणून 'एक साल जुना' तांदळाला दोन पैसे जास्त द्यावे लागतात, आणि ते द्यावेत. लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात 'जुना आहे का?' असं विचारलं तर 'जुनाच आहे ताई' हेच उत्तर मिळणार. जुन्या दाण्याला किंचित पिवळसर झाक असते, दाताखाली धरला तर कट् करून तुटतो. पण एवढ्यावर विसंबू नका. पाव किलो नमुना आणा, घरी मूठभर शिजवून बघा, मगच पोतं उचला. गोणीच्या तळाशी कणी किती आहे तेही हात घालून बघायचं. तुकडा जास्त असेल तर तो आधी शिजून विरघळतो आणि अख्ख्या दाण्यांना चिकटवून टाकतो. कणीची खीर करा, उपमा करा. भातातून चाळून काढा.

तुमच्याकडं घरचा इंद्रायणी असेल तर तो टाकून देऊ नका. रोजच्या वरणभाताला वापरा, आणि मटणाच्या दिवसापुरता दोन किलो कोलम वेगळ्या डब्यात ठेवा. आमच्याकडं अनेक घरांत असे दोन डबे असतातच.

धुणं. गिरणीत पॉलिश होताना दाण्यावर बारीक पीठ बसतं, तेच पहिल्या उकळीला खळ होऊन चिकटतं. तीन-चार पाण्यांत हलक्या हातानं धुवा. चोळू नका, भिजत आलेला दाणा तुटतो. पाणी अगदी नितळ व्हायला हवं असं नाही, ताकासारखं पांढरं राहिलं नाही की झालं. मग वीस मिनिटं ते अर्धा तास भिजवा. हे लोक सगळ्यात आधी गाळतात, आणि सगळ्यात जास्त फरक इथंच पडतो. भिजलेल्या दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी आधीच पोचलेलं असतं, त्यामुळं बाहेरचा भाग फुटायच्या आत मधला शिजतो. न भिजवलेल्या तांदळाचं उलटं होतं, गाभा शिजेपर्यंत कडा विरघळतात. तासन्‌तास मात्र ठेवू नका, दाणा ठिसूळ होतो. भिजल्यावर चाळणीत पाच मिनिटं निथळत ठेवा. तळाशी राहिलेलं भिजवणीचं पाणी मापात धरलं जात नाही, आणि मग 'माप बरोबर होतं तरी बिघडला' असं म्हणायची वेळ येते.

आता दहा माणसांचा भात का बिघडला ते. वाटीभर तांदूळ शिजायला स्वतः साधारण सव्वा ते दीड वाटी पाणी पितो. बाकीचं वाफेवर जातं. पातेल्यात एका वाटीला दोन वाट्या लागतात त्या यामुळं. पण वाफ किती जाईल हे ठरतं भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर, तांदळाच्या मापावर नाही. सहा वाट्या तांदूळ केले म्हणून वाफ सहापट जात नाही. सहाला बारा वाट्या पाणी घातलंत तर अडीच-तीन वाट्या पाणी कुठं जायचं? ते भातातच राहतं. पातेल्यात सहाला नऊ-साडेनऊ पुरतं. कुकरमध्ये तर आणखीच, कारण शिट्ट्या तुम्ही तीनच दिल्यात. वाफ पहिल्याइतकीच गेली, पाणी मात्र पाचपट होतं. त्यात भरलेला कुकर तापायला वेळ घेतो, तोपर्यंत तळाचा भात शिजून पुढं गेलेला असतो आणि वरच्याचं वजन त्याच्यावर पडतं. तुमचा हात चुकला नव्हता, नियमच मोठ्या मापाला लागू नव्हता.

म्हणून चार-पाच माणसांच्या वर गेलं की मी पाणी मोजतच नाही. भात वेळायचा, म्हणजे भरपूर पाण्यात उकळून पेज गाळून घ्यायची. म्हाताऱ्या बायका अजून करतात तो ओतलेला भात. तरुण मंडळींनी सोडून दिला कारण कुकर आला, पण मोकळ्या भाताला याच्याइतका खात्रीचा दुसरा मार्ग नाही.

भाकरी आहेत असं धरून माणशी सत्तर-ऐंशी ग्रॅम तांदूळ पुरतो. नुसत्या भातावर जेवणारे असतील तर शंभर. दहा जणांना पाऊण किलो घ्या. मोठ्या पातेल्यात चार-पाच लिटर पाण्याचं आधण ठेवा. खळखळून उकळल्याशिवाय तांदूळ टाकायचा नाही. कोमट पाण्यात टाकला की तो नुसता बसून पीठ सोडतो. टाकल्यावर लगेच एकदा तळापर्यंत उलथनं फिरवा, मग हात लावू नका. आच मोठीच ठेवा, दाणे उकळीत नाचत राहिले पाहिजेत. झाकण नको, उतू जाईल. चमचाभर तेल टाकलं तर फेस खाली बसतो. लिंबाचे चार थेंब टाकले तर भात पांढरा राहतो, विशेषतः बोअरच्या पाण्यात, कारण क्षारांच्या पाण्यानं तांदूळ पिवळट पडतो. मीठ तुमच्या मर्जीवर. रस्सा सणसणीत असतो, म्हणून मी साध्या भातात घालत नाही.

भिजवलेला कोलम सहा-सात मिनिटांत तयारीला येतो. पाचव्या मिनिटापासून शीत काढून बघायचं. बोटांत दाबलं की दबलं पाहिजे, पण मध्ये सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. ती वेळ पकडायची. ठिपका गेला म्हणजे पुढच्या वाफेत भात फुटणार. ठिपका मोठा असला तर अजून मिनिटभर. इथं घड्याळापेक्षा बोटं भरवशाची, कारण प्रत्येक पोत्याची चाल निराळी. मोठ्या चाळणीत ओता, नाहीतर पातेल्याच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधून पेज गाळा. वाफ अंगावर येते, तोंड बाजूला ठेवा आणि पोरांना स्वयंपाकघरातून बाहेर काढा. मिनिटभर निथळू द्या. चाळणीत गार पाणी मात्र ओतू नका. लग्नाच्या स्वयंपाकात घाईनं करतात, त्यानं चव धुऊन जाते.

निथळलेला भात परत त्याच पातेल्यात, वर चमचाभर तूप, आणि झाकणाखाली जाड सुती फडकं. फडक्याची टोकं वर बांधायची, गॅसकडं लोंबती ठेवायची नाहीत. हे फडकं वाफेचं पाणी पितं. नाहीतर तेच झाकणावरून टपकून वरचा थर ओला करतं. पातेल्याखाली तवा, आच अगदी बारीक, आठ-दहा मिनिटं. मग गॅस बंद, आणि आणखी दहा मिनिटं उघडायचं नाही.

ही शेवटची दहा मिनिटं म्हणजे काही वाया घालवलेला वेळ नाही. गॅस बंद केला त्या क्षणी दाण्याची बाहेरची बाजू ओली आणि नाजूक असते, आतला भाग तुलनेनं कोरडा. दहा मिनिटांत पाणी आतबाहेर सारखं होतं, आणि ताप उतरताना स्टार्च जरा आवळतं. त्यानंतर उलथनं लावलं तर दाणा अख्खा सुटतो. त्याआधी लावलं तर चांगला शिजलेला भातही मोडतो. घरोघरी भात बिघडतो तो बहुतेक वेळा इथं, सगळं नीट झाल्यावर, भूक लागलेल्या माणसाच्या हातून. सोडवताना कडेनं उलथनं खाली घालून वर उचलायचं. गोल गोल ढवळायचं नाही. दहा माणसांचा असेल तर अर्धा परातीत काढून पसरा, म्हणजे स्वतःच्या वजनानं दबत नाही.

पेज ओतून देऊ नका. तांदळातली ब जीवनसत्त्वं थोडीफार पाण्यात उतरतात, वेळलेल्या भाताविरुद्ध एवढीच एक खरी तक्रार आहे. मीठ, जिरं आणि थोडं ताक घालून गरम गरम प्या. पूर्वी सुती लुगड्यांना यातूनच खळ जायची.

दोघा-तिघांसाठी एवढा पसारा नको. जाड बुडाचं पातेलं घ्या. तांदूळ धुवून, भिजवून, निथळून घेतला की एका वाटीला पावणेदोन वाट्या उकळतं पाणी. वाटी भिजवण्याआधीच्या कोरड्या तांदळाची धरायची. तांदूळ नवा वाटला तर दीड, चांगला जुना असला तर दोन. उकळी मोठ्या आचेवर, झाकण अर्धवट. पाणी आटून भाताच्या वर बारीक भोकं दिसायला लागली की झाकण घट्ट, आच सगळ्यात बारीक, आठ-दहा मिनिटं. मग बंद करून दहा मिनिटं विसरा. इंडक्शन असेल तर एक लक्षात ठेवा: बऱ्याच स्वस्त शेगड्या बारीक आच खरी बारीक देत नाहीत, पूर्ण जोरात चालू-बंद चालू-बंद करतात. पातळ भांड्यात त्यानं तळाला खरपुडी धरते. बूड जाड असेल तर निभतं. नाहीतर भोकं पडल्यावर दोन मिनिटं ठेवून सरळ बंद करा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

कुकर सोडायचाच नसेल तर भात थेट कुकरात नको, आत डब्यात लावा. डब्यातून वाफेवर फार काही जात नाही, म्हणून भिजवलेल्या कोलमला एकास दीड वाटी. डब्यावर ताटली ठेवा. दोन शिट्ट्या पुष्कळ. कुकरात तापमान एकशेवीस अंशांपर्यंत जातं, तिसऱ्या शिट्टीत कडा फुटायला लागतात. वाफ आपोआप जिरू द्या, पण जिरल्यावर लगेच उघडा. मटण होईपर्यंत तासभर बंद कुकरात ठेवलेला भात हमखास ओला होतो. आणि डाळीबरोबर एकाच कुकरात लावत असाल तर मोकळ्या भाताची अपेक्षा सोडा. डाळीला लागणाऱ्या शिट्ट्या भाताला जास्त होतात.

एक गैरसमज काढून टाकायचा राहिला. मोकळा म्हणजे फडफडीत नव्हे. कार्यालयात कधी कधी असा भात वाढतात की दाणे टिचकीनं उडतील. तसला भात रस्सा पीत नाही, नुसता त्यात पोहतो. चांगल्या मोकळ्या भाताचं शीत दुसऱ्या शिताला चिकटत नाही, पण दोन बोटांत दाबलं तर पूर्ण चिरडतं, मध्ये कण लागत नाही. तांबडा रस्सा ओतल्यावर मिनिटभरात वरचा थर लाल होऊन खालीही मुरायला लागला, तर तुमचा भात बरोबर झाला.

काही बिघडलंच तर. कच्चा राहिला असेल तर पाव वाटी उकळतं पाणी सगळीकडं शिंपडा, ओतू नका, आणि फडकं लावून पाच मिनिटं बारीक आचेवर ठेवा. तळ करपला असेल तर अजिबात हलवू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, खालचं बोटभर सोडून द्या. जरा ओला झाला असेल तर परातीत पसरून पंख्याखाली पाच मिनिटं, बऱ्याचदा सुधारतो. पण पुरता गिचका झाला असेल तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. दही, दूध, मीठ घालून कालवा, वर मोहरी-मिरची-कढीपत्त्याची फोडणी द्या आणि दहीभातच केला होता असं सांगा. झणझणीत जेवणानंतर पाहुणे दुवा देतात.

वेळेचं गणित असं बसवा: मटण शिजून रस्से तयार झाले की तांदूळ भिजत घाला, पहिल्या भाकऱ्या तव्यावर पडल्या की आधण ठेवा. आपल्याकडं भाकरी आधी, भात मागून. त्यामुळं पानं वाढेपर्यंत भात नेमका मुरलेला असतो. फडक्यासकट झाकून ठेवला तर अर्धा तास चांगला गरम राहतो.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवायची आपली सवय सोडा. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत, आणि कोमट भातात ते वाढून विष तयार करतात. ते नंतर कितीही परतलं तरी जात नाही. परातीत पसरून गार करा आणि तास-दीड तासाच्या आत फ्रिजमध्ये टाका. फ्रिजमधल्या गारव्यानं दाणा आणखी घट्ट होतो, म्हणून सकाळच्या फोडणीच्या भाताला हाच भात ताज्यापेक्षा सरस. कांदा, शेंगदाणे, हळद, थोडं कांदा-लसूण तिखट. भात कढईत टाकायच्या आधी गुठळ्या ओल्या हातानं सोडवून घ्या, कढईत उलथन्यानं फोडत बसू नका.